ज्याची चिठ्ठी, त्यानेच काढायची

जहाजावर मेकॅनिक दिसला की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, कारण तो दिसला म्हणजे काहीतरी बिघडलं. आणि चार दिवस दिसला नाही की तेच लोक विचारतात, हा पगार कशाचा घेतो? नौदलातली बावीस वर्षं बुवांनी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत काढली. त्या फटीत त्यांचे गुडघे गेले, डावा कान अर्धा गेला, आणि तळहाताच्या रेषांत ग्रीस असं काही मुरलं की हात बघून भविष्य सांगणाऱ्यानेही हात टेकले असते.

बुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. मेसमधल्या टवाळ पोरांनी त्यांना ‘चिठ्ठीबुवा’ म्हणायला सुरुवात केली, पुढे तोंडं आळसावली आणि नुसतं ‘बुवा’ उरलं. ही चिठ्ठी म्हणजे लाल चिठ्ठी. जहाजावर कुठल्याही यंत्रात हात घालायचा, तर आधी त्याची वीज तोडायची आणि त्याच्या बटणावर एक लाल चिठ्ठी टांगायची. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, वर तारेचा आकडा. काम कोणतं, कधी टांगली, आणि खाली सही. ती लटकते आहे तोवर त्या बटणाला कुणी बोट लावायचं नाही. काम संपलं की चिठ्ठी काढायची, पण ती ज्याने टांगली त्यानेच. असा नियम आहे, आणि बहुतेक नियमांसारखाच तो भिंतीवर चांगला दिसतो.

बुवांनी मात्र तो अंगात भिनवून घेतला होता. कोणाची चिठ्ठी विसरून राहिली, की बाकीचे म्हणायचे, अरे तो जेवायला बसलाय, काम झालंय त्याचं, काढून टाका. बुवा काढायचे नाहीत. पाच मजले चढून-उतरून त्या माणसाला शोधायचे, अर्ध्या जेवणावरून उठवायचे आणि बटणापाशी आणून उभं करायचे. एकदा एक साहेब स्वतःच चिठ्ठीला हात घालायला निघाले तर बुवा बटणासमोर आडवे उभे राहिले. त्याचं बक्षीस म्हणून त्यांची बढती वर्षभर मागे पडली. मेसमधले म्हणायचे, बुवांना न्यायला यम आला तरी आधी त्याच्याकडे सही मागतील.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण बुवांचं तोंड पोळलं नव्हतं. पोळलं होतं दुसऱ्याचं, आणि ते मेसमध्ये कोणालाच माहीत नव्हतं.

तो दुसरा म्हणजे लंबू. प्रशिक्षणाच्या शाळेत दोघांच्या खाटा शेजारी होत्या. पहिले सहा महिने त्यांना नुसती कानस धरायला दिली होती. लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा घ्यायचा आणि तो घासून घासून सहाही बाजूंनी काटकोनात आणायचा. उस्ताद माप लावायचा, तुच्छतेने हसायचा आणि ठोकळा कचऱ्यात टाकायचा. की पुन्हा नवा ठोकळा. त्या दिवसांत लंबूने बुवांना हसवून हसवून जिवंत ठेवलं. माणूस एवढा उंच, की जहाजावर गेल्यावर प्रत्येक दरवाजाने त्याच्या कपाळाशी वैर धरलं. नेमणूकही दोघांना एकाच जहाजावर मिळाली, आणि लोकांना वाटायचं की हे सख्खे भाऊ असावेत, एक सरळ वाढला आणि एक आडवा.

चौथ्या वर्षी ते झालं. इंजिनरूमला हवा पुरवणारा एक मोठा पंखा असतो. लंबूने त्याच्या बटणावर आपली चिठ्ठी टांगली आणि पंख्याची पाती साफ करायला आत शिरला. तासाभराने बुवांनी त्याला वर चहाच्या पिंपापाशी पाहिलं, हातात मग, कोणाला तरी काहीतरी सांगून हसवत होता. बुवांना वाटलं, झालं याचं काम. खाली इंजिनरूम भट्टीसारखी तापली होती आणि तिथला वरिष्ठ पंख्यावरून शिव्या घालत होता. लंबूला बोलणी बसू नयेत म्हणून, केवळ मैत्रीखातर, बुवांनी त्याची चिठ्ठी काढून खिशात घातली आणि बटण दाबलं. तेवढ्यात लंबूला आठवलं होतं की आपण पुसायचं फडकं आतच विसरलो. चहाचा मग ठेवून तो दुसऱ्या शिडीने खाली उतरला होता आणि त्याने पात्यांमध्ये हात घातला होता. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

चौकशी बसली. बुवा खरं सांगायला तयार होते असं ते स्वतःला पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. पण आधी लंबूला बोलावलं. बँडेजचा गठ्ठा मांडीवर ठेवून तो म्हणाला, “मीच त्याला सांगितलं होतं, काढ म्हणून.” मग बुवांना विचारलं, असं सांगितलं होतं का? बुवा म्हणाले, हो. नोकरीतला सगळ्यात छोटा जबाब तोच. लंबूच्या कागदावर ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असा शेरा बसला आणि त्याला घरी पाठवलं. बाहेर आल्यावर लंबू म्हणाला होता, माझी बोटं तर गेलीच आहेत, आता तुझी नोकरी कशाला घालवायची? आणि हसला होता. त्यानंतर या विषयावर दोघांत एक अक्षर निघालं नाही. अठरा वर्षं.

बुवांच्या बायकोला लंबूची फक्त बोटं माहीत होती, बाकी काही नाही. लंबूने तिच्याच गावात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. ती त्याला भावजी म्हणायची. घरचा नळ गळला, दाराची कडी निखळली, मुलीच्या सायकलची साखळी उतरली, की लंबू यायचा आणि उरलेल्या सात बोटांनी सगळं नीट करून, तिला चार विनोद सांगून जायचा. ज्याचं ते काम, तो माणूस समुद्रात कुठेतरी परक्या पंपाच्या पोटात डोकं घालून बसलेला असायचा. बुवा सुट्टीवर आले की लंबू त्यांच्या खांद्यावर तोच उजवा हात टाकायचा, अंगठा एका बाजूला आणि करंगळी एका बाजूला. तो जितका हसायचा तितके बुवा आतून खचायचे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बायकोचं म्हणाल, तर तिने नवरा केला होता आणि मिळाली होती पत्रं. मुलगी झाली तेव्हा बुवा सातशे मैलांवर एका कंप्रेसरचे व्हॉल्व्ह घासत होते. तिचे वडील गेले तेव्हा जहाजाचं सुकाणू अडकलं होतं. बुवा सुटले तोवर सगळे पाहुणे जाऊन घर झाडूनही झालं होतं. दर वेळी कारण खरं असायचं, हाच तर खरा त्रास होता. खोटं कारण असतं तर भांडता आलं असतं. हळूहळू तिने विचारणंच सोडलं. ‘येणार का?’ ऐवजी ती ‘नाही ना येणार?’ असं म्हणायला लागली, आणि बुवांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण पोटात गाठ निघाली तेव्हा ती घाबरली. डॉक्टर म्हणाले, साधी असेल किंवा नसेल, उघडल्यावर कळेल. मुलगी दूरच्या कॉलेजात, तिची परीक्षा चालू. बायकोने फोन केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा सरळ मागितलं. म्हणाली, मला भूल देतील तेव्हा तुम्ही दाराशी असायला हवेत, आणि शुद्धीवर येईन तेव्हाही. बाकी काही नको. बुवा म्हणाले, असेन. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुट्टीचा अर्ज टाकला.

जहाज त्या वेळी गोदीत होतं, दुरुस्ती संपत आलेली. सुट्टीवर निघण्याआधी बुवांनी दोन दिवसांत चार दिवसांचं काम ओढलं. शेवटचं काम आगीच्या पंपाचं. आग लागली तर समुद्राचं पाणी खेचून सगळ्या जहाजाला पुरवणारे असे दोन पंप होते, दिसायला जुळे. पहिल्याचं काम आदल्या आठवड्यात झालं होतं, दुसऱ्याचं शनिवारी संपलं. बुवांनी अवजारं मोजून पेटीत ठेवली, अंघोळ केली, बस पकडली आणि चार तास बसल्या जागी झोपले.

सोमवारी दुपारी बारा वाजता ऑपरेशन होतं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना रात्री थांबू देत नव्हते, म्हणून बुवा बाहेरच्या लाकडी बाकावर आडवे झाले होते. सकाळी सहाला फोन वाजला. जहाजाचे मुख्य अभियंता बोलत होते. तिशीतला तरुण साहेब, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर बसलेले लोक वाईट होते. दुपारी तीनला जहाज चाचणीसाठी बाहेर काढायचं होतं. दोन्ही आगीचे पंप चालवून दाखवल्याशिवाय ते हलणार नव्हतं. आणि दुसऱ्या पंपाच्या बटणावर बुवांच्या सहीची लाल चिठ्ठी लटकत होती.

बुवा बाकावरून उठूनच बसले. बावीस वर्षांत त्यांची चिठ्ठी कधी मागे राहिली नव्हती. लोकांना अर्ध्या जेवणावरून उठवणारा माणूस, आणि स्वतःची चिठ्ठी विसरला. मेसमध्ये आता काय हशा पिकला असेल ते त्यांना बसल्या जागी ऐकू आलं.

साहेबांनी विचारलं, काम पूर्ण आहे ना? बुवा म्हणाले, आहे, आणि मग त्यांची जीभ अडखळली. मोटर आणि पंप यांना जोडणारे सहा बोल्ट असतात. ते पान्याने पक्के आवळायचे, आणि आवळलेल्या प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही बुवांची स्वतःची पद्धत. मग त्यावर पत्र्याचं झाकण. ठिपके दिल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. ब्रश हातात होता, सहावा ठिपका जरा ओघळला होता. पण तो कोणत्या पंपाचा? याचा, की आदल्या आठवड्यातल्या जुळ्याचा? शनिवारी संध्याकाळी आपण काय केलं ते डोळ्यांपुढे आणू गेले तर नुसता थकवा दिसत होता. तो पंप मिनिटाला दीड हजार फेरे घेतो. एक जरी बोल्ट सैल असता तर तो गोळीसारखा उडाला असता, त्या पत्र्याच्या झाकणाने काही अडला नसता, आणि बटण दाबणारा माणूस बरोबर समोर उभा असतो.

बुवा म्हणाले, कोणाला तरी झाकण उघडून बघायला सांगा साहेब, मग काढा. साहेब म्हणाले, बघायला लावतो मी कुणाला तरी. हा सूर बुवांच्या ओळखीचा होता. झाकणाला बारा स्क्रू, त्यातला एक पाइपाच्या मागे, नुसत्या बोटांनी चाचपून काढायचा. ‘बघायला लावतो’ म्हणजे कोणीतरी बॅटरी मारून झाकणाकडे बघणार आणि वहीत लिहिणार, पाहिलं.

“तुम्ही फक्त ‘काढा’ म्हणा,” साहेब अजिजीने म्हणाले. “मी वहीत लिहितो, तुम्हीच सांगितलं होतं म्हणून.”

सगळ्या मराठी भाषेत साहेबांना नेमकं हेच वाक्य सापडावं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि दुपारी बारा वाजता बुवा दाराशी असते. ते म्हणाले, “मी येतो. मी येईपर्यंत बटणाला हात लावू देऊ नका.”

फोन ठेवल्यावर त्यांनी हिशेब केला. साडेसहाची बस, साडेदहाला जहाज, तासाभराचं काम, परतीची बस साडेबाराची. म्हणजे बायको टेबलावर असताना आपण बसमध्ये. कोणीतरी तिच्याजवळ हवं म्हणून त्यांनी लंबूला फोन लावला आणि सांगता सांगता वॉर्डाच्या दारातून आत शिरले. एवढ्या सकाळी कोणी अडवलं नाही. बायको जागीच होती, हिरवा सदरा घालून, केसांच्या दोन वेण्या बांधून बसलेली. डावा कान अधू असल्यामुळे बुवांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे लंबू काय म्हणाला ते तिलाही ऐकू गेलं.

“अरे, हो म्हणून टाक ना,” लंबू म्हणाला. “मी नव्हतं का म्हटलं?”

अठरा वर्षं जे बंद होतं ते असं, सकाळी सव्वासहाला, फोनवर उघडलं. बुवा म्हणाले, “तू म्हटलंस, म्हणूनच मला म्हणवत नाही.”

लंबू नेहमीपेक्षा हळू म्हणाला, येतो मी, तू जा.

बायकोने विचारलं, भावजींनी काय म्हटलं होतं? बसला दहा मिनिटं होती. बुवांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चहाच्या पिंपापासून चौकशीतल्या ‘हो’पर्यंत. आपली बाजू सावरून घ्यायलाही वेळ नव्हता, त्यामुळे ते फार नीट सांगून झालं. ऐकताना तिने एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि बोटं मिटून घेतली. तिच्या मनात काय आलं असेल ते बुवांना कळलं. अठरा वर्षं या माणसाकडून मी नळ दुरुस्त करून घेतले, आणि तुम्ही मला हे सांगितलं नाहीत.

“जा,” ती म्हणाली. “पण मला राग येणार नाही असं समजू नका. मी जा म्हणतेय, आणि मला राग आलाय. दोन्ही खरं आहे.”

चार तासांच्या बसमध्ये बुवांना झोप आली नाही. खिडकीशेजारी बसून ते मनातल्या मनात शनिवारची संध्याकाळ पुन्हा पुन्हा उघडत राहिले. कधी सहा ठिपके दिसायचे, कधी चार, कधी एकही नाही. शेवटी शेवटी तर आपण त्या पंपापाशी गेलो होतो की नाही इथपर्यंत शंका आली. माणूस थकला की आठवण ही फार उपकार करणारी बाई होते, जे हवं ते समोर आणून ठेवते, हे त्यांना ठाऊक होतं.

जहाजावर कोणी हसलं नाही. मेसमधला एक जण तोंड उघडायला गेला आणि बुवांचा चेहरा बघून त्याने ते जांभईत घालवलं. बुवांनी कामाचे कपडे चढवले आणि तीन शिड्या उतरले. उतरताना दोन्ही गुडघ्यांनी आपापली तक्रार नोंदवली. चिठ्ठी बटणावर होती, सही त्यांचीच, शेवटचं अक्षर झोपेत घसरल्यासारखं. त्यांनी झाकणाचे बारा स्क्रू काढायला घेतले. पाइपामागचा स्क्रू नेहमीप्रमाणे हाताला लागेना, लागला तर फिरेना. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. आता तिला ट्रॉलीवर घेत असतील. आता भूल देणारा डॉक्टर तिचं नाव विचारत असेल. अखेर झाकण सुटलं.

सहाही बोल्टांवर पांढरे ठिपके होते. सहावा जरा ओघळलेला. बुवांनी एकेकाला पाना लावून अंगातला सगळा जोर टाकला. एकही केसभर हलला नाही.

बरं वाटायला हवं होतं. बुवा तिथेच लोखंडी जमिनीवर बसले. त्यांना एवढा थकवा याआधी कधी आला नव्हता, तीन-तीन दिवस न झोपता इंजिन जोडलं होतं तेव्हासुद्धा नाही. शनिवारी आपण आपलं काम चोख केलं होतं. ‘काढा’ म्हटलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ज्या एका दिवशी तिने मागितलं होतं, तो एक दिवस आपण सहा घट्ट बोल्टांना पाना लावून बघण्यात घालवला. कोणावर चिडावं तेही कळेना.

मग ते उठले, झाकण लावलं, बाराच्या बारा स्क्रू बसवले, कारण अर्धवट टाकून उठायची सवय नव्हती. बटणापाशी जाऊन चिठ्ठी काढली, वहीत सही केली, सगळ्यांना मागे सरकवलं आणि बटण दाबलं. पंप एकदा खोकला आणि सुरळीत चालू लागला. साहेबांनी आभार मानले. म्हणाले, बुवा, आजचा दिवस मी तुमच्या सुट्टीतून कापणार नाही. हेही त्यांनी मनापासूनच म्हटलं.

परतीच्या बसमध्ये बुवांच्या मनात एक वाक्य तयार झालं. ‘दोन सैल होते.’ किती साधं वाक्य. कोण बघायला जाणार आहे? दोन सैल होते, मी गेलो नसतो तर एखाद्याचा जीव गेला असता. एवढं म्हटलं की बायकोचा राग तिथेच विरघळला असता. लंबूलाही वाटलं असतं की आपल्या बोटांनी शेवटी कोणाला तरी वाचवलं. कोणाचं काही नुकसान नाही, सगळ्यांचं भलंच. बुवांनी ते वाक्य हळू आवाजात म्हणूनही पाहिलं. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काही म्हणालात का? बुवा म्हणाले, नाही. अर्ध्या वाटेत लंबूचा फोन आला. ऑपरेशन झालं, गाठ साधी वाटते म्हणाले डॉक्टर, ती शुद्धीवर येते आहे. बुवांनी कपाळ खिडकीच्या काचेला टेकलं आणि मागच्या सीटवरच्यांना दिसणार नाही असं रडून घेतलं.

पावणेपाचला ते वॉर्डात पोचले. भेटायची वेळ होती, सगळ्या खाटांभोवती नातेवाइकांची कोंडाळी. बायकोच्या खाटेजवळ एकच स्टूल होतं आणि त्यावर लंबू बसला होता, गुडघे हनुवटीला लागतील असा घडी घालून. पायथ्याशी अडकवलेल्या फळीवर ऑपरेशनच्या संमतीचा कागद होता. नातेवाइकाच्या सहीपाशी डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती, आणि नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’. बुवांनी ते वाचलं. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ सुकले होते, पण डोळे पूर्ण उघडे होते. तिने बुवांकडे पाहिलं आणि पहिलं तेच विचारलं.

“सैल होते का?”

लंबूही मान वर करून बघत होता. बुवांच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, चार तास घासूनपुसून काटकोनात आणलेलं.

“नाही,” बुवा म्हणाले. “घट्ट होते. सहाच्या सहा.”

“म्हणजे तुम्ही इथे थांबला असतात तरी चाललं असतं.”

“हो. चाललं असतं.”

तिने डोळे मिटून तोंड दुसरीकडे वळवलं. आता लंबू काहीतरी विनोद करून वेळ मारून नेईल, असं बुवांना वाटलं. इतकी वर्षं तो तेच करत आला होता. पण लंबू हसला नाही. त्याने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता आणि तो त्याच्याकडेच बघत होता.

“एवढंच करायचं होतं रे त्या दिवशी,” तो म्हणाला. “खाली जाऊन बघायचं.”

आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्यांनाही ऐकू गेलं नसेल. बुवांनी अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली होती आणि ज्याला ते भ्याले होते, ते हेच होतं. चौकशीत जे म्हणायला हवं होतं ते म्हणायला त्यांना आता फारसा वेळ लागला नाही.

“हो,” ते म्हणाले. “मी न बघता काढली. तू सांगितलं नव्हतंस.”

लंबूने मान हलवली. मग दिवसभर बसून आखडलेली पाठ सरळ करत, बुवांना जागा द्यावी म्हणून तो स्टुलावरून उठू लागला. बायकोने डोळे मिटलेलेच ठेवून त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“बसा भावजी,” ती म्हणाली. “त्यांना उभं राहू दे जरा वेळ.”

लंबू पुन्हा बसला. बुवा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, भेटायची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत.